फीच्या पावतीवर जे लिहिलेलं नसतं

कॉलेजात प्रवेश घ्यायची वेळ आली की घरात एक हिशेब मांडला जातो. वर्षाची फी, पुस्तकं, राहण्याचा खर्च, कर्ज काढलं तर त्याचे हप्ते. आणि पानाच्या दुसऱ्या बाजूला एकच प्रश्न असतो: एवढं घालून मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून शिकणाऱ्यांना तर तो विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पण हा हिशेब आपण एखादी तयार वस्तू विकत घेतल्यासारखा मांडतो आणि तिथेच तो फसतो. खुर्ची घेतली तर ती बनत असताना आपण तिथे हजर असायची गरज नसते. शिक्षण हे व्यायामशाळेसारखं आहे. वर्गणी भरली म्हणून कुणाचे दंड भरत नाहीत. फी भरून आत जायला मिळतं, माणसं भेटतात, साधनं हाताशी येतात; पुढचं जे घडायचं ते शिकणाऱ्याच्या घामाशिवाय घडत नाही.

आधी खर्चाची बाजू बघू, कारण तीसुद्धा आपण नीट धरत नाही. जेवणखाण आणि कपडालत्ता हा खरं तर कॉलेजचा खर्च नव्हेच. कॉलेजात गेलो नसतो तरी जेवलो असतोच. उलट एक मोठी रक्कम हिशेबातून सुटते: त्या तीन-चार वर्षांत नोकरी केली असती तर जी कमाई झाली असती ती. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. फी शून्य असली तरी हा खर्च शून्य होत नाही. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट बघितली जात असते, तिथे तोच सगळ्यात जड असतो. म्हणून ‘फी माफ आहे ना, मग शिकत का नाही?’ असं कुणाला विचारताना जरा थांबावं.

आता मिळकत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी एक कल्पना पुढे नेली, ती म्हणजे मानवी भांडवल. यंत्रात पैसा घातला की उत्पादन वाढतं, तसा माणसाच्या शिक्षणात आणि आरोग्यात घातलेला पैसाही पुढे परतावा देतो. माणसाला भांडवल म्हणणं तेव्हा अनेकांना अपमानास्पद वाटलं होतं आणि ती अस्वस्थता मला समजते. पण या कल्पनेने शिक्षणाला ‘खर्च’ या खात्यातून काढून ‘गुंतवणूक’ या खात्यात नेलं, हे तिचं मोठं काम. शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये आणि बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पदवीधरांची सरासरी कमाई इतरांपेक्षा जास्त असते, हे जवळपास प्रत्येक देशात दिसतं. पण त्यावरून कॉलेजमुळेच कमाई वाढली असं म्हणता येईल का? कॉलेजात जाणारी मुलं आधीच अभ्यासात पुढे असतील, चिकाटीची असतील, त्यांच्या घरी पुस्तकं असतील, वडिलांच्या ओळखी असतील. ती कॉलेजात गेली नसती तरी कदाचित जास्तच कमावती झाली असती. मग कॉलेजचा वाटा वेगळा कसा काढायचा? एकाच माणसाला एकदा कॉलेजात पाठवून आणि एकदा न पाठवून बघता येत नाही.

यावर ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शोधलेला मार्ग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो आणि दूरदूरहून जुळी माणसं येतात. १९९१ च्या मेळ्यात या संशोधकांनी एकसारख्या जुळ्या भावंडांच्या मुलाखती घेतल्या: तुम्ही किती शिकलात, तुमचं भावंड किती शिकलं, दोघांची कमाई किती. एकच घर, तेच आईवडील, जन्मापासूनची सारखीच ठेवण आणि तरीही शिक्षणात फरक, अशा जोड्या त्यांना हव्या होत्या. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की शिक्षणाच्या प्रत्येक जास्तीच्या वर्षामागे कमाई १२ ते १६ टक्क्यांनी जास्त दिसते. पुढे जास्त जोड्या तपासल्यावर हा आकडा ९ टक्क्यांच्या आसपास उतरला. उतरला, पण नाहीसा झाला नाही. म्हणजे घर आणि जन्म बाजूला ठेवले तरी शिक्षणाचा स्वतःचा काही वाटा उरतोच. जुळ्यांतला एकच पुढे का शिकला, हा प्रश्न तरीही मागे राहतो, हे मान्य करायला हवं.

इथे एक कठोर आक्षेप येतो. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये तो गणिती रूपात मांडला. समजा, कॉलेजात काहीच उपयोगाचं शिकवलं जात नाही. तरीही मालक पदवीधरालाच जास्त पगार देईल. का? समोरचा उमेदवार किती कामाचा आहे हे मालकाला मुलाखतीत कळत नाही. पण तीन-चार वर्षं नेमाने अभ्यास करून परीक्षा पास होणं चिकाटीच्या माणसाला कमी जड जातं आणि आळशाला जास्त. म्हणून पदवी ही खूण ठरते. ती माणूस घडवत नाही, निवडून दाखवते. या मांडणीसाठी स्पेन्स यांना २००१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण त्याला पुरावा आहे. तीन वर्षं शिकून शेवटचं वर्ष सोडणारा आणि तेच वर्ष पुरं करणारा, या दोघांच्या ज्ञानात फार अंतर नसतं. पगारात मात्र पदवीच्या वर्षाला अचानक उडी दिसते. पूर्वी पदवीपत्र मेंढीच्या कातड्यावर लिहून देत, म्हणून इंग्रजीत या उडीला मेंढीच्या कातड्याचा परिणाम असंच नाव आहे. कागदाला स्वतंत्र किंमत आहे, हे खरंच आहे.

पण सगळी किंमत कागदाचीच आहे का? २०१८ मध्ये स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी अनेक अभ्यासांतली ६ लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. शिक्षणाच्या प्रत्येक जास्तीच्या वर्षामागे बुद्धिमापन चाचणीतले गुण साधारण १ ते ५ ने वाढतात, असं त्यांना आढळलं. यात शाळेची वर्षंही आहेत, फक्त कॉलेजची नव्हेत. तरी एवढं म्हणता येतं, की शिकण्याने डोक्यात खरोखर काहीतरी बदलतं. नुसतं खूण लावून माणूस पुढे ढकलणं एवढंच तिथे होत नाही.

काय बदलतं, हे आकड्यांपेक्षा एका साध्या प्रसंगातून जास्त स्पष्ट होईल. विज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत रीडिंग घेतो आहे. आठ रीडिंग सरळ रेषेत बसतात, नववं बाहेर जातं. पुस्तकात उत्तर काय यायला हवं ते त्याला माहीत आहे. ते नववं रीडिंग खोडून ‘बरोबर’ आकडा लिहिला तर जर्नल सुंदर दिसेल आणि कुणाला कळणारही नाही. चांगल्या मॅडम असतील तर त्या इथे थांबवतात. विचारतात, हे बाहेर का गेलं? तार सैल होती का? वाचताना डोळा तिरका होता का? की आपण गृहीत धरलेलं काहीतरीच चुकीचं आहे? त्या पाऊण तासात विद्यार्थी जे शिकतो ते कुठल्याही अभ्यासक्रमाच्या यादीत नसतं. आपल्याला हवं असलेलं उत्तर आणि समोर आलेलं उत्तर यांत फरक पडला, की हवं असलेलं सोडून द्यायची तयारी. हे पुढे त्याला हिशेब तपासताना लागेल, आजारपणात डॉक्टरांचं म्हणणं ऐकताना लागेल, घरातलं भांडण मिटवतानाही लागेल.

असंच दुसरं उदाहरण संख्याशास्त्राचं. ‘अमुक औषधाने धोका दुप्पट होतो’ अशी बातमी येते. ज्याने एक सत्रभर का होईना संभाव्यता नीट शिकली आहे, तो लगेच विचारतो: दुप्पट, पण कशाच्या? लाखात एकाला होणारा त्रास लाखात दोघांना होऊ लागला तर तेही दुप्पटच आणि शंभरात दहाचे वीस झाले तर तेही दुप्पट. पहिल्या बातमीने झोप उडवून घ्यायचं कारण नाही, दुसरीने उडायलाच हवी. हा एक प्रश्न ज्याला वेळेवर सुचतो, त्याला भीती घालून काही विकणं अवघड जातं. याचा पगाराशी थेट संबंध नाही. आयुष्याशी आहे.

आणि मानव्यविद्यांचं काय, असं विचारलं जातं. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य शिकून पोट भरतं का? पोटाचा प्रश्न मी हलका करणार नाही. पण इतिहासाच्या वर्गात एकाच घटनेचे दोन साक्षीदार दोन वेगळ्या हकिगती सांगतात आणि दोघंही प्रामाणिक असतात, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणसाच्या बोलण्यात एक सबुरी येते. आपला निबंध लाल शाईने भरून परत येतो, समासात ‘हे कशावरून?’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा वाईट वाटतं. पण तो ‘कशावरून’ हळूहळू आपल्याच आत बोलायला लागतो. मला विचाराल तर कॉलेजची सगळ्यात मौल्यवान देणगी हीच.

माणसांची ओळख हा यातला आणखी एक भाग. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की जागा रिकामी असल्याचं तुम्हाला कुणाकडून कळलं. ओळखीतून कळलेल्यांपैकी रोजच्या उठबशीतल्या माणसाकडून कळलेले फार थोडे निघाले. बहुतेकांना ते अधूनमधून भेटणाऱ्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून कळलं होतं. १९७३ च्या त्यांच्या लेखात कारणही आहे: जवळच्या माणसांना साधारण तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. कॉलेज अशा लांबच्या ओळखी शेकड्यांनी देतं. घरचं वर्तुळ लहान असलेल्या मुलामुलींना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट जुळ्यांच्या अभ्यासातलेच क्रूगर आणि स्टेसी डेल यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसली. नावाजलेल्या कॉलेजात शिकलेले जास्त कमावतात, हे सगळ्यांना माहीत होतं. या दोघांनी तुलना वेगळी केली: सारख्याच कॉलेजांत अर्ज करून सारखेच प्रवेश मिळालेले विद्यार्थी घेतले, ज्यांतले काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेले आणि काही साध्या. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे मोठ्या नावाचं श्रेय बरंचसं त्या विद्यार्थ्यांचंच होतं. अपवाद एकच, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं. त्यांना नावाजलेल्या कॉलेजचा खरा फायदा झाला. ज्याला घरातून दारं उघडी नसतात, त्याच्यासाठी कॉलेज हेच दार होतं. फी आणि नाव यांच्या मागे जीव टाकणाऱ्या खात्यापित्या घरांनी हा निष्कर्ष एकदा शांतपणे वाचावा.

आतापर्यंत शिकणाऱ्याचा फायदा बघितला. पण ज्याने कॉलेजची पायरीही चढलेली नाही, त्यालाही यातून काही मिळतं, आणि या भागाबद्दल फार कमी बोललं जातं.

अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास केला. शहरातल्या पदवीधरांचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं, म्हणजे समजा शंभरात २५ होते ते २६ झाले, तर त्याच शहरातल्या शाळा अर्धवट सोडलेल्यांचं वेतन सुमारे १.९ टक्क्यांनी, फक्त शालेय शिक्षण पुरं केलेल्यांचं १.६ टक्क्यांनी आणि पदवीधरांचं ०.४ टक्क्यांनी वाढलेलं त्यांना दिसलं. सगळ्यात मोठी वाढ सगळ्यात कमी शिकलेल्यांची! कारणं अनेक असू शकतात. शिकलेल्या लोकांबरोबर काम करताना कौशल्य झिरपतं, नवे उद्योग तिथे येतात, हातांना मागणी वाढते. जॅनेट करी आणि मोरेट्टी यांनी २००३ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. ज्या भागात नवी कॉलेजं निघाली तिथल्या मुली जास्त शिकल्या आणि पुढे त्यांची बाळं जास्त सुदृढ जन्मली; कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळं कमी झाली. ज्या बाळाचा तोपर्यंत जन्मही झाला नव्हता, त्याच्या खात्यावर हे जमा झालं.

फीच्या पावतीवर ही नावं नसतात. म्हणूनच शिक्षणाचा सगळा खर्च शिकणाऱ्याने एकट्याने उचलावा, हे मला पटत नाही. फायदा वाटला जातो, तर भारही काही प्रमाणात वाटला जायला हवा.

आयुर्मानाचा आकडा तर छातीत धस्स करणारा आहे. ॲन केस आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या प्रौढांची तुलना केली. चार वर्षांची पदवी असलेले आणि नसलेले, या दोन गटांच्या अपेक्षित आयुष्यात १९९२ मध्ये अडीच वर्षांच्या आसपास अंतर होतं. २०२१ मध्ये ते साडेआठ वर्षांच्या आसपास गेलं. पदवी हे काही औषध नव्हे. पदवीसोबत येणारी स्थिर नोकरी, विमा, कमी अंगमेहनत, मान हे सगळं त्यामागे आहे. पण एका कागदाभोवती इतकं सगळं बांधून ठेवलेल्या समाजाबद्दलही हा आकडा काही सांगतो. पदवी नसलेल्यालाही ही सुरक्षितता मिळाली पाहिजे. तिचं दार फक्त कॉलेजातून उघडावं, हे योग्य नाही.

मग कॉलेज कुणालाच तोट्यात जात नाही का? जातं. सगळ्यात मोठा तोटा होतो तो कर्ज काढून प्रवेश घेतलेल्या आणि पदवीच्या आधी बाहेर पडलेल्या मुलांना. हप्ते मागे लागतात, खूण मात्र हातात नसते. आणि इथे कर्जाच्या स्वभावातलीच एक अडचण आहे. घर घ्यायला कर्ज काढलं आणि फेडता आलं नाही, तर घर जातं, ते विकून बँक आपले पैसे वसूल करू शकते. शिक्षण परत काढून घेता येत नाही, विकता येत नाही. म्हणून बँक सावध असते आणि कर्जदार अडकतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये यावर सुचवलं होतं, की परतफेड ठरावीक हप्त्याने नको, पुढच्या कमाईतला वाटा म्हणून घ्या. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये परतफेड कमाईशी जोडणारी व्यवस्था सुरू केली: उत्पन्न एका ठरावीक पातळीच्या वर गेलं की कराबरोबरच कर्जाचा भाग कापला जातो, खाली असेल तर काही भरावं लागत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या दारात वसुलीसाठी कुणी उभं राहत नाही. एकविसाव्या वर्षी एवढी मोठी जोखीम एकट्याच्या खांद्यावर टाकण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे.

राहिला एक प्रश्न: कॉलेज इतकं महाग का होत जातं? गैरव्यवहार आणि डामडौल ही कारणं आहेतच, पण त्याखाली एक संथ कारण आहे. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या खर्चाचा अभ्यास करताना ते दाखवलं. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि अर्धा तास लागत होता. आजही तितकंच लागतं. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून शेकडो पट माल निघू लागला, पगार वाढले, आणि वादकांनाही जगण्यासाठी त्या प्रमाणात द्यावं लागलं. शिकवणं तसंच आहे. वीस निबंध मनापासून वाचून समासात लिहायला जो वेळ लागतो तो यंत्राने कमी झालेला नाही. हा वेळ वाचवायचा असेल तर वर्गात वीसच्या जागी दोनशे मुलं बसवावी लागतात. मग खर्च खरंच कमी होतो; पण लाल शाईही जाते, आणि ते नववं रीडिंग बघायला कुणी थांबत नाही. जे महाग पडतं तेच मोलाचं असतं: एका माणसाने दुसऱ्याच्या विचाराकडे दिलेलं लक्ष.

त्यामुळे कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात बघण्याऐवजी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावं. लिहिलेलं काम शेरे मारून परत मिळतं का, की फक्त गुण कळतात? वर्गाबाहेर सरांना किंवा मॅडमना गाठून शंका विचारता येते का? प्रॅक्टिकल खरोखर होतात, की जर्नल उतरवून घेतलं जातं? लायब्ररीत पुस्तकं कपाटात बंद आहेत की हाताळायला मिळतात? आणि कार्यालयात एक प्रश्न न लाजता विचारावा, ज्याचं उत्तर माहितीपत्रकात सहसा छापलेलं नसतं: इथे पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि उरलेले मधेच का गेले?